खाडीकाठावरून काय उचलायचं?

निसर्गातल्या वस्तू वेचून त्यांची कला करणं ही ठाणे-नवी मुंबईत आता चांगलीच रुजलेली हौस आहे. शाळांची शिबिरं, सोसायट्यांचे रविवारचे उपक्रम, चित्रकलेचे क्लास, कंपन्यांचे पर्यावरण दिन, सगळीकडे तोच क्रम. कापडी पिशवी घेऊन काठावर जायचं, शिंपले, वाळकी लाकडं, बिया, पिसं, गुळगुळीत दगड गोळा करायचे आणि घरी येऊन त्यांचं तोरण किंवा फ्रेम करायची. प्लास्टिकच्या फुलांपेक्षा हे केव्हाही बरं, असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं असं की तसं धरून चालू नये. खाडीकाठाला हातही न लावता नैसर्गिक साहित्याची कला या दोन शहरांत भरपूर करता येईल. तेवढं साहित्य ही शहरं दर वर्षी स्वतः पैसे मोजून बाहेर टाकतात. आणि महापालिकांचा जो पैसा चौकांतल्या फायबरच्या फ्लेमिंगोंवर जातो, त्यातला काही या कामाकडे वळायला हवा, ते काम वर्षभरात कुजून गेलं तरीही.

आधी जागेबद्दल. ठाणेकर स्वतःला बेटावरचे समजत नाहीत, पण जुनं ठाणं साष्टी बेटाच्या पूर्व काठावर वसलं आहे. उत्तरेला उल्हास नदी घोडबंदरच्या अंगाने वसईच्या खाडीत उतरते, पूर्वेला ठाण्याची खाडी. कळव्याचा पूल ओलांडला की आपण बेट सोडून मुख्य भूमीवर येतो. ते कुणाला जाणवत नाही, कारण लक्ष पुढच्या सिग्नलवर असतं. येऊरचा डोंगर बेटावरचा, पारसिकचा पलीकडचा. समोरच्या काठावर नवी मुंबई, आणि तिच्या दक्षिणेकडे पाण्यात घारापुरी.

जाहिरातीतल्या बेटासारखं या काठाचं रूप नाही. पांढरी वाळू इथे शोधून सापडायची नाही. काळा चिखल आहे, तिवर आहे, चिखलातून वर डोकावणाऱ्या त्याच्या श्वासमुळ्या आहेत, त्यांच्यामधून टुणटुण पळणारे निवटे आहेत, दगडांना चिकटलेली कालवं आहेत. ओहोटीला जे नुसतं पडलेलं दिसतं, त्यातलं बरंचसं कामाला लागलेलं असतं. रिकाम्या शंखात खेकडा बिऱ्हाड करतो. ओंडक्याच्या ओलसर बाजूला लहान जीव आसरा घेतात. तिवराची कुजणारी पानं म्हणजे तर इथल्या सगळ्या अन्नाची सुरुवात: पानं कुजली की त्यांवर सूक्ष्मजीव, त्यांवर कोळंबीची पिल्लं, आणि त्यांवर मासे. कार्यशाळेत कुणाला तरी भारी आवडलेली वाकडी काडी अनेकदा श्वासमुळी निघते. ती मोडून आणली म्हणजे त्या झाडाची हवा घ्यायची एक नळी गेली.

कायदा याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, जागा मिळाली. अभयारण्यातून परवानगीशिवाय काही बाहेर नेण्याला वन्यजीव संरक्षण कायद्याची मनाई आहे. येऊरच्या बाजूचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथेही तेच. खारफुटी तोडण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला. पण मला हा मुद्दा कायद्याच्या जोरावर मांडायचा नाही. ओंजळभर शिंपल्यांसाठी आठवीतल्या मुलीवर कुणी गुन्हा दाखल करणार नाही, आणि करूही नये.

इथेच सगळ्यात वजनदार आक्षेप येतो. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची नव्वदेक मीटर उंचीची टेकडी सुरुंग लावून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. मुंब्रा-कळव्याच्या खाडीतून वर्षानुवर्षं पंप लावून रेती उपसली गेली. रात्री डंपर येतात आणि तिवरांत राडारोडा ओतून जातात. हे सगळं डोळ्यांदेखत चालू असताना चार शिंपले वेचणाऱ्या पोरांना धडे देणारे तुम्ही कोण?

आक्षेप खरा आहे. राग मोठ्यांवर काढता येत नाही म्हणून लहानांवर काढायचा, ही आपली जुनी खोड आहे, आणि पर्यावरणाच्या चळवळीतही ती शिरलेली आहे. तरी दोन गोष्टी सांगतो. पहिली आकड्यांची. स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावरच्या एका पुळणीवर संशोधकांनी शिंपले मोजले, एकदा १९७८ ते १९८१ या काळात आणि पुन्हा २००८ ते २०१० मध्ये. मधल्या काळात तिथे येणारे पर्यटक जवळपास तिप्पट झाले होते आणि वाळूवरचे शिंपले साठ टक्क्यांहून अधिक घटले होते. तिथे मासेमारी किंवा इतर कारणं तेवढ्या प्रमाणात बदललेली नव्हती. एकेका माणसाने किती उचलले ते कुणाला माहीत नाही, बहुतेकांनी ओंजळभरच. दीड-दोन कोटींच्या महानगराच्या काठावर ओंजळ हे माप फसवं आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. रेतीचा ठेकेदार खाडीकडे बघतो तेव्हा त्याला मालकाविना पडलेला माल दिसतो. काठ म्हणजे फुकटचं दुकान, जो आधी पोचेल त्याचं, असं मुलांना हातात पिशवी देऊन आपण शिकवत असू, तर त्याची नजर आणि आपली नजर यांत फरक प्रमाणाचा उरतो. सुंदर हेतूने उचललं, म्हणून ती नजर बदलत नाही. उलट कलेच्या नावाखाली ती जास्त सहज पचते.

शिवाय काठाला मालक नाही हेही खरं नाही. ठाण्यातला चेंदणी कोळीवाडा, पलीकडे दिवा, वाशीगाव, सारसोळे, दिवाळे: ही गावं खाडीवर जगत आली. ओहोटीला कालवं फोडायला, खुबे काढायला, चिंबोऱ्या धरायला बायका चिखलात उतरतात. कुठल्या खडकावर कालवं धरलीत, कुठे पाय घोट्याच्या वर जाईल, कुठल्या तिथीला पाणी किती मागे हटेल, हे त्यांना पाठ असतं. या काठाला रिकामी जमीन समजून नवी मुंबईचा आराखडा आखला गेला. ठाणे, पनवेल आणि उरणच्या ९५ गावांची जमीन त्यासाठी घेतली गेली आणि तिच्या मोबदल्यासाठी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पाच जणांना गोळीबारात जीव गमवावा लागला. वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या वेळीही मच्छीमारांना नुकसानभरपाईसाठी उच्च न्यायालयात जावं लागलं. एवढा इतिहास पाठीशी असताना शहरातला चित्रकार काठावर येतो, एक शिंपला उचलतो आणि आपल्याला तो ‘सापडला’ असं म्हणतो, तेव्हा जरा अडखळायला होतं. तिथे रोज ओहोटीला कुणीतरी वाकून उभं असतं. त्या बाईला विचारलं का, एवढं तरी आपल्या कार्यशाळांच्या पत्रकांत कधी दिसेल?

आता कुणी म्हणेल, मग आपल्या परंपरेत निसर्गातून वस्तू आणून मूर्ती आणि मांडण्या करायची रीत आहेच की. आहे, आणि तिच्याकडे नीट बघितलं तर तिच्यात शिस्त दिसते. खड्याच्या गौरी आणताना पाणवठ्यावरून पाच-सात खडे वेचायचे. घरी आणून पुजायचे, नैवेद्य दाखवायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचे. हरतालिकेला वाळूची पिंड करतात, तीही दुसऱ्या दिवशी पाण्यात जाते. दिवाळीतला किल्ला अंगणातल्या मातीचा, विटांच्या तुकड्यांचा, वर अळिवाचं नाहीतर मोहरीचं रान. सुट्टी संपली की माती परत अंगणात. मोजकं घ्यायचं आणि परत सोडायचं, हे या प्रत्येक रीतीत धरलेलंच आहे. कुणी त्याला पर्यावरण म्हटलं नव्हतं, गरजही नव्हती. (घोडबंदर रोडवरच्या उंच इमारतींत राहणारी कुटुंबं हल्ली गौरीचे खडे बांधकामाच्या खडीच्या ढिगातून आणतात, असं ऐकून मी आधी हसलो. मग वाटलं, त्यांचंच बरोबर आहे. नाहीतर नदीकाठी जायचं तरी कुठे?)

मात्र परंपरेचं नाव घेऊन सगळंच झाकता येत नाही. जांभळी नाक्याच्या बाजारात गणपतीच्या आदल्या दिवशी पत्रीचे ढीग लागतात, त्यांतली पानं येऊर, शहापूर, मुरबाडच्या रानांतून ओरबाडून आणलेली असतात. एका घराच्या एकवीस पत्री रानाला जाणवत नाहीत, लाख घरांच्या जाणवतात. त्यातही सोय अशी की आणणाऱ्या आदिवासी बाईला त्या जुडीमागे जे सुटतं ते आपण भाव पाडून आणखी कमी करतो.

आणि शाडू. प्लास्टर ऑफ पॅरिस वाईट, शाडू चांगली, एवढं समीकरण आता पहिलीतल्या पोरालाही येतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये प्लास्टरच्या मूर्तींवर बंदीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या, अजूनही होतात. प्लास्टर पाण्यात विरघळत नाही, रंगांतली रसायनं मासे मारतात, त्यामुळे बंदीच्या बाजूनेच मी आहे. पण पेण-हमरापूरच्या कारखान्यांत मळली जाणारी शाडू मुख्यतः गुजरातेतून येते. कुठल्या तरी गावची जमीन खणून, ट्रकमध्ये भरून, शेकडो किलोमीटर आणून आपण ती इथल्या तलावात सोडतो आणि तलावाच्या तळाशी तिचा थर बसतो. तिथे खणल्यावर काय उरतं, हे ठाण्यातल्या भक्ताला कधी दिसत नाही. म्हणून अलीकडे काही शहरांत विसर्जनानंतरची शाडू गोळा करून मूर्तिकारांना परत देण्याचे प्रयोग सुरू झाले आहेत, ते मला कुठल्याही बंदीपेक्षा जास्त शहाणपणाचे वाटतात. माती तीच, मूर्ती दर वर्षी नवी. वस्तू नैसर्गिक आहे की नाही हा प्रश्न त्यात मागे पडतो. ती कुठून आली, किती आली आणि काम झाल्यावर कुठे गेली, हे तीन प्रश्न पुढे येतात.

हे तीन प्रश्न ज्या कलेला विचारले तर तिची मान सर्वांत ताठ राहील, ती आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातली. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला, पण त्याआधी वारली चित्रं ‘ठाणे जिल्ह्याची’ म्हणूनच ओळखली जायची. शेणामातीने सारवून गेरू लावलेली कुडाची भिंत, तांदळाचं पीठ पाण्यात कालवलेलं, आणि टोक चेचून कुंचल्यासारखी केलेली बांबूची काडी. सगळं घराच्या हाकेच्या अंतरावरचं. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नविधीचं भिंतीवरचं चित्र, सुवासिनी काढायच्या. लग्न झालं, पावसाळे गेले, भिंत पुन्हा सारवली की चित्र संपलं. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी ही चित्रं कागदा-कापडावर आणली, लग्नविधीच्या बाहेर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते गेले. रिचर्ड लाँग हा इंग्रज कलावंत, जो चालत जातो, वाटेतल्या दगडांची वर्तुळं रचतो आणि पुढे जातो, तो या वारली मुलुखात येऊन काम करून गेला. २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला म्हशे आणि लाँग यांचं एकत्र प्रदर्शन झालं. पश्चिमेत १९६०च्या दशकाच्या अखेरीस कलावंत दालनं सोडून माती-दगडांकडे गेले तेव्हा ते मोठं बंड ठरलं. डहाणूतल्या एका शेतकऱ्याला त्या बंडाची गरज पडली नव्हती. त्या दोघांना शेजारी टांगावंसं कुणालातरी युरोपात वाटलं, ठाण्यात वाटलं नाही, हे मला जरा लागतं.

आपल्याकडे काय झालं? स्वच्छता स्पर्धेचे गुण मिळवायला उड्डाणपुलांचे खांब आणि शाळांच्या कुंपणभिंती रंगवायची लाट आली आणि तारपा वाजवणारी पांढरी माणसं ॲक्रिलिक रंगात सगळीकडे नाचू लागली. गेरू नाही, पीठ नाही, बहुतेक ठिकाणी वारली हातही नाही. आकृती तेवढी उचलली. शिंपला उचलण्यापेक्षा हे उचलणं मला जास्त खटकतं.

घारापुरीचं उदाहरणही इथेच द्यायला हवं, कारण बेटावरच्या साहित्यातून बेटावरच कला करण्याचं त्याहून मोठं काम आपल्या आसपास नाही. सहाव्या शतकाच्या सुमारास कारागिरांनी तिथल्या काळ्या बसाल्टात मंडप कोरले, साडेपाच मीटरच्या आसपास उंचीचा त्रिमुखी शिव कोरला. बाहेरून काही आणलं नाही. जे नको होतं ते काढलं. त्याच बेटावर दगडाचा एक हत्ती होता, ज्याच्यावरून पोर्तुगिजांनी बेटाला नाव दिलं. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा म्हणून उचलायला गेले आणि तो फुटला. तुकडे मुंबईला आणून पुढे जोडले गेले, आणि आज तो भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे, सांधे दिसतात. लेण्यांना १९८७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, हत्तीला मिळाला नाही, कारण तो तिथे नव्हता.

आता पैशाकडे येतो. नवी मुंबई महापालिकेने शहराला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणवून घ्यायचं ठरवलं आणि गुलाबी पक्षी चौकांत, भिंतींवर, उद्यानांत उगवले. त्याच शहरात २०२४ च्या उन्हाळ्यात नेरुळच्या तळ्याजवळ खरे फ्लेमिंगो मरून पडले आणि तळ्यात भरतीचं पाणी यायचे मार्ग बुजल्याच्या तक्रारी गाजल्या. फायबरच्या पक्ष्याला भरती लागत नाही, ही त्याची मोठी सोय. पण अधिकाऱ्यांना केवळ हसून भागणार नाही. फायबर का येतं, याला कारण आहे. निविदा काढायची तर वस्तूचं माप हवं, मोजमाप पुस्तिकेत नोंद हवी, दोषदायित्वाचा, म्हणजे बिघडल्यास ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायचा, कालावधी हवा, मालमत्ता नोंदवहीत ओळ हवी. बांबूची, काथ्याची, पाचोळ्याची कलाकृती पहिल्या पावसात वाकणार, दुसऱ्यात झडणार. लेखापरीक्षक विचारणार, मालमत्ता कुठे गेली? त्याला ‘कुजली’ असं उत्तर कोण देणार?

पण याच महापालिका दर वर्षी मंडप, रोषणाई, फुलांची सजावट, व्यासपीठ यांवर खर्च करतात आणि चौथ्या दिवशी त्यातलं काहीही शिल्लक नसतं. त्याला कुणी मालमत्ता कुठे गेली असं विचारत नाही, कारण तो खर्च कार्यक्रमाच्या शीर्षाखाली टाकलेला असतो. नाशिवंत कलेला हेच शीर्ष द्या. एक हंगाम टिकेल असं काम, कलावंताचं मानधन ठरलेलं, साहित्य महापालिकेच्याच आवारातलं, आणि हंगाम संपल्यावर ते खतात जाणार हे करारातच लिहिलेलं. फायबरचा पक्षी चार वर्षांनी रंग उडून, चोच तुटून चौकात उभा राहतो तेव्हा त्याचं काय करायचं, हे मात्र कुठल्याच करारात नसतं.

साहित्य कुठलं? पावसाळ्याआधी झाडांच्या फांद्या छाटतात: गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष, सुबाभूळ. ट्रकच्या ट्रक लाकूड जातं आणि कुठे जातं हे नागरिकाला कळत नाही. पावसात उन्मळून पडलेली झाडं वेगळीच. उल्हास नदीवर पसरणारी जलपर्णी काढायला दर वर्षी यंत्रं लावतात. तिचे देठ वाळवून टोपल्या-चटया विणता येतात, आसामपासून थायलंडपर्यंत विणतातही. घोडबंदर पट्ट्यातल्या इमारतींच्या पायातून निघणारा काळा पाषाण आहे, तुर्भ्याकडच्या खाणींतले तुकडे आहेत. देवळांसमोरच्या आणि शहाळेवाल्यांच्या गाड्यांवरच्या करवंट्या आणि सोडणं आहेत. तलावांतला गाळ आहे, पण कुठलाही गाळ सरसकट नको: खाडीच्या गाळात ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याच्या सांडपाण्याचे जड धातू साठले आहेत, हे वर्षानुवर्षं नोंदलं गेलं आहे. गाळ आधी तपासा, मगच मुलांच्या हातात द्या. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असा इथे तरी कुणी समज करून घेऊ नये.

आणि घाणेरी. टणटणी म्हणा हवं तर. हे परदेशी झुडूप रानं गिळत सुटलं आहे. निलगिरीतल्या आदिवासी कारागिरांनी घाणेरीच्या काड्या उकळून, वाकवून पूर्ण आकाराचे हत्ती विणले. २०२१ मध्ये त्यांचा कळप लंडनच्या बागांमध्ये उभा राहिला आणि पुढे अमेरिकेतही फिरला. साहित्य उचलल्याने रान मोकळं होतं, कारागिरांना मजुरी मिळते आणि जे दिसतं ते थक्क करणारं असतं. येऊरच्या पायथ्याच्या पाड्यांवर बांबू आणि काड्यांचं काम करणारे हात आहेत. वन खात्याने घाणेरी उपटण्याचं काम आणि महापालिकेने कलेचं काम एकाच करारात बसवलं, तर दोन खात्यांच्या भांडणात वर्ष-दोन वर्षं जातील, हे मी धरून चालतो. तरी करण्यासारखं आहे.

बेटावरच्या कलेचा विषय निघाला की जपानच्या नाओशिमाचं नाव कुणीतरी काढतंच. सेटो समुद्रातल्या बेटांवर २०१० पासून दर तीन वर्षांनी भरणारं प्रदर्शन, काँक्रीटची देखणी संग्रहालयं, धक्क्यावरचा पिवळा भोपळा. त्या गोष्टीचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. शेजारच्या तेशिमा बेटावर एका कंपनीने लाखो टन औद्योगिक कचरा बेकायदा ओतला होता. रहिवाशांनी वर्षानुवर्षं लढून २००० साली प्रशासनाशी समझोता घडवला, प्रशासनाने माफी मागितली, आणि नऊ लाख टनांच्या आसपास कचरा आणि दूषित माती बोटींतून नाओशिमाला नेऊन तिथे वितळवली गेली. ते काम २०१७ पर्यंत चाललं. तेशिमाचं कला संग्रहालय उघडलं २०१० मध्ये, म्हणजे कचरा निघत असताना. आधी भांडण, मग साफसफाई आणि तिच्याबरोबर कला. आपल्याकडे खाडीकाठी सुशोभीकरण आधी होतं आणि राडारोडा त्याच्या मागे तसाच राहतो.

मुलांचं काय, हा प्रश्न मात्र मी टाळणार नाही. बाविसाव्या मजल्यावर वाढणारं पोर चिखलाला हात लावणार कधी? त्याला खाडी फक्त बोटीतून, दुर्बिणीतून दाखवायची का? ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो बघायला बोटी जातात, ते चांगलंच आहे, पण बघणं आणि हाताळणं वेगळं. माझ्या मते मुलांना काठावर न्यावं, पिशवी न देता. कागद आणि पेन्सिल द्यावी. कालव बसलेल्या दगडाचं चित्र काढायला अर्धा तास लागतो आणि त्या अर्ध्या तासात तो जितका दिसतो तितका खिशात घालून घरी आणल्यावर कधीच दिसत नाही. घरी आला की चार दिवसांनी तो वास मारतो आणि आई फेकून देते. हाताळायला सोसायटीचं आवार आहे. बदामाची लाल पानं, गुलमोहराच्या शेंगा, पर्जन्यवृक्षाच्या चिकट शेंगा, शेवरीचा कापूस: झाडू मारणारा माणूस रोज सकाळी ढीग करतो आणि अजूनही कित्येक ठिकाणी, मनाई असताना, पेटवून देतो. त्या ढिगात मुलांना सोडा. काय करायचं ते त्यांना सांगावं लागत नाही.

यावर कलावंतांकडून एक तक्रार येईल आणि ती रास्त असेल: टाकाऊतून टिकाऊच्या नावाखाली आधीच पुष्कळ कुरूप गोष्टी उभ्या आहेत. भंगाराचा मोर, टायरचा घोडा, बाटल्यांचं झाड. साहित्य फुकट म्हणून कलाही फुकट, असा समज त्यामागे असतो, आणि मग काम जातं कमी दराच्या ठेकेदाराकडे. छाटलेल्या फांद्या एखाद्या आवारात कलावंतांसाठी खुल्या केल्या तरी तिथे नेमका कोण शिरणार, हे ठरवायला चित्रकार, शिल्पकार आणि कारागीर यांची निवड समिती हवी आणि मानधनाचा आकडा जाहिरातीत छापलेला हवा. त्याशिवाय हे सगळं दोन वर्षांत पुन्हा मोरावर येऊन थांबेल.

सुरुवात करायला फार मोठी योजना लागत नाही. छाटणीच्या निविदेत एक कलम: ठरावीक जाडीचं लाकूड ठेकेदाराने महापालिकेच्या आवारात उतरवायचं. जलपर्णी काढण्याच्या निविदेत तसंच एक. उद्यान विभागाच्या रोपवाटिकेत एक शेड आणि आठवड्यातून दोन दिवस ती उघडणारा माणूस. आणि शिंपले ज्यांना हवेतच, त्यांच्यासाठी कोळीवाड्यांत कालवं-तिसऱ्या सोलून झाल्यावर उरणारी टरफलं आहेत. कोळी महोत्सवाच्या एका रात्रीत तिथे पोती भरतात. ती विकत घ्यावीत. भाव मात्र महापालिकेने ठरवू नये. तो तिथल्या बायका ठरवतील, आणि घासाघीस करायला त्यांना कुणाच्या कार्यशाळेची गरज नाही.